खोडलेली नोंद

नववीत होते तेव्हा शाळेच्या प्रयोगशाळेत मी डांबरगोळ्या वितळवल्या होत्या. साल १९८७. अख्ख्या शाळेत धड चालणारे थर्मामीटर दोनच, त्यामुळे सहाजणींचा एक गट. उकळत्या पाण्याच्या चंचुपात्रात परीक्षानळी, तिच्यात कुटलेल्या डांबरगोळ्या. त्या वितळल्या की नळी बाहेर काढायची आणि दर अर्ध्या मिनिटाला पारा कुठं आहे ते लिहायचं. एकीनं घड्याळ बघायचं, एकीनं पारा वाचायचा, एकीनं लिहायचं, उरलेल्या तिघींनी आपली पाळी येईल म्हणून ताटकळायचं. त्या दिवशी पारा वाचायचं काम माझ्याकडे आलं. डोळा पाऱ्याच्या रेषेत आणायचा, श्वास रोखायचा, आणि मैत्रीण 'हं' म्हणाली की आकडा सांगायचा.

९०, ८७, ८४, ८२, ८०, ७९, ८०, ८०, ८०.

सरांनी वही बघितली आणि ७९ वर बोट ठेवलं. "थंड होणारी वस्तू मधेच परत गरम होते का कुठं? नीट बघून लिहीत जा." मी नीट बघूनच लिहिलं होतं, पण ते सांगायला तोंड उघडलं नाही. सुगंधी खोडरबरानं ७९ खोडला आणि तिथं ८० लिहिला. पेन्सिलीचा आकडा, लगेच गेला. कागद तेवढा तिथं पातळ झाला. प्रयोगाला दहापैकी दहा गुण मिळाले.

तो आकडा मात्र माझ्या डोक्यातून गेला नाही. पारा ७९ पाशी थांबला आणि मग सावकाश वर सरकला, हे मी पाहिलं होतं. पुस्तकात नसलेली गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी बघायची माझी ती पहिली वेळ होती, आणि ती मी माझ्याच हातानं पुसून टाकली होती.

पुढं मी याच विषयाची शिक्षिका झाले. बालाघाटच्या डोंगरावर, अंबाजोगाईहून एसटीनं तासाभराच्या अंतरावर आमची शाळा आहे. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान या चार शीर्षकांखाली मुलांची जर्नलं तपासत माझी कितीतरी वर्षं गेली. ज्यांनी दहावीचं जर्नल लिहिलंय त्यांना ठाऊक आहे की या चारांत अनुमान सगळ्यात आधी लिहून झालेलं असतं. ओहमच्या नियमाचं जर्नल उघडावं, तर व्होल्ट भागिले अँपिअर पाचही वेळा बरोबर १०. मोठ्या भावाच्या वहीतून धाकट्याच्या वहीत, तिथून शेजारच्याच्या वहीत, तेच आकडे वर्षानुवर्षं फिरत राहतात. मीही त्यांवर सह्या केल्या. एखाद्या पोरानं खरोखर मोजून ९.३ लिहिलं, तर "परत कर" म्हणाले. म्हणजे १९८७ साली मला जे ऐकावं लागलं, तेच मी कितीतरी मुलांना ऐकवलं. हे लिहिताना आजही वाईट वाटतं.

२०१८ च्या दिवाळीत पुण्याला भावाकडे गेले होते. भाचा इंजिनिअरिंगला. त्याच्या टेबलावर पाण्याच्या ग्लासात एक काळी वायर सोडलेली आणि लॅपटॉपच्या पडद्यावर एक रेघ पुढंपुढं सरकत होती. "आत्या, ग्लास हातात धर," तो म्हणाला. धरला, आणि थोड्या वेळानं रेघ वर चढायला लागली. माझ्या तळव्याची ऊब मला आकड्यांत दिसत होती. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत गेले. एक आर्डुइनो बोर्ड, म्हणजे सेन्सरचे आकडे वाचणारा तळहाताएवढा संगणकच, मेमरी कार्डाचं मॉड्यूल, वेळ सांभाळणारं छोटं घड्याळ आणि त्या काळ्या वायरीसारखे तीन सेन्सर घेतले. स्टीलच्या टोपणातला हा तापमानाचा सेन्सर, नाव डीएस१८बी२०, मला दीडशे रुपयांच्या आत मिळाला. "४.७ किलोओहमचा रोध लावायला विसरू नकोस," भाचा एसटी सुटेपर्यंत सांगत होता, "नाहीतर सेन्सर बोलणारच नाही."

मुलांना असली यंत्रं शाळेतच हाताळता यावीत म्हणूनच्या अटल टिंकरिंग लॅबसाठी निवडलेल्या शाळांना तेव्हा सरकारकडून वीस लाखांपर्यंत मदत मिळत होती. आमची शाळा त्यात नव्हती. त्याची खंत होती, पण दीडशे रुपयांच्या त्या वायरीनं आमचं जे काम केलं, त्याला वीस लाख लागत नाहीत, हेही तेव्हाच कळलं.

पहिल्याच दिवशी गंमत झाली. लॉगर, म्हणजे आपोआप नोंदी घेऊन कार्डात साठवणारी ही सगळी जोडणी, पॉवर बँकेवर लावला, दर पाच मिनिटांनी एक नोंद घ्यायला सांगितलं, कपाटावर ठेवला आणि घरी गेले. सकाळी कार्डात एकच ओळ. दुसऱ्या दिवशीही तेच. लॉगर इतकी कमी वीज खात होता, की आपल्याला काही जोडलेलंच नाही असं समजून पॉवर बँक स्वतःला बंद करून घेत होती. शेवटी घरचा जुना मोबाइल चार्जर आणला आणि तो चालला.

आणि ती एकच ओळ काय होती? ८५ अंश.

पुढंही रोज तेच. लॉगर चालू केला की पहिली नोंद ८५.००, मग २७, २७, २७. आठवीतल्या एका मुलानं दिवसाचं सरासरी तापमान काढताना ते ८५ सुद्धा बेरजेत धरलं, आणि त्याचं उत्तर इतरांपेक्षा वेगळं आलं. वर्गात दोन तट पडले. एक गट म्हणे, सेन्सरनं दिलंय तर लिहायलाच हवं. दुसरा म्हणे, आपल्या वर्गात ८५ अंश असते तर आपण उकडून निघालो असतो. भाच्याला फोन केला तेव्हा उलगडा झाला. या सेन्सरला तापमान मोजून पूर्ण करायला पाऊण सेकंद लागतो. वीज मिळाल्यावर पहिलं मोजमाप होण्याआधीच त्याला विचारलं, तर कारखान्यातून भरून दिलेला ८५ हा आकडा तो पुढं करतो. त्या ८५ चा अर्थ 'मी अजून मोजलेलं नाही' एवढाच. वायर निसटली तर आमच्या प्रोग्रॅममध्ये उणे १२७ येतं, त्याचा अर्थ 'माझ्याशी कुणी जोडलेलंच नाही'.

मुलांना हे सांगितलं तेव्हा शेवटच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, मग ८५ खोडायचं का?"

मला चटकन उत्तर देता आलं नाही. खोडरबराचा तो वास आठवला. मग आम्ही एक नियम केला, तो आजतागायत पाळतोय. प्रयोगवहीत पेन्सिल नाही, खोडरबर नाही. नोंद चुकीची वाटली तर तिच्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी कारण लिहायचं. '~~८५~~, सेन्सरनं मोजण्याआधीची.' कारण सापडत नसेल तर रेघ मारायची नाही. आकड्याभोवती गोल करायचा, आणि तो तसाच राहू द्यायचा.

आणखी एक गोष्ट याच सेन्सरमुळं आम्ही शिकलो. तो तापमान २७.०६२५ असं चार दशांश स्थळांपर्यंत देतो. थर्मामीटरवर अर्धा अंश वाचताना धडपडणाऱ्या मुलांना हे फारच भारी वाटलं. एका शनिवारी तिन्ही सेन्सर वितळत्या बर्फाच्या एकाच ग्लासात सोडले. एक म्हणाला ०.२५, दुसरा उणे ०.१२५, तिसरा ०.४३७५. पाणी एक, उत्तरं तीन. बनवणाऱ्यांनी स्वतःच अर्ध्या अंशाची मुभा ठेवलेली आहे. दशांश स्थळं म्हणजे खरेपणा असं मुलं समजून चालली होती, आणि खरं सांगायचं तर तोवर मीही तसंच समजत होते. तेव्हापासून प्रत्येक सेन्सरच्या वायरीला रंगीत चिकटपट्टी आहे आणि त्याचा बर्फातला आकडा त्यावर लिहिलेला आहे.

प्रयोगशाळेच्या कपाटात हायपोची एक जुनी बाटली पडून होती. फोटो स्टुडिओवाले हायपो म्हणायचे ते सोडिअम थायोसल्फेट. त्याचे खडे ४८ अंशांना स्वतःतल्याच पाण्यात विरघळून पातळ होतात. दहावीला अप्रकट उष्मा, म्हणजे वितळताना किंवा गोठताना तापमान न बदलता आत-बाहेर होणारी उष्णता, शिकवताना मी ते घेतलं. परीक्षानळीत वितळवलं, त्यात सेन्सर सोडला, नळीच्या तोंडाशी कापूस लावला आणि लॅपटॉप मुलांकडे फिरवला. रेघ उतरायला लागली. ५५, ५०, ४८. इथं आडवी होईल म्हणून सगळे डोळे लावून बसलेले, तर ती उतरतच राहिली. ४५. ४०. ३६. नळीतला हायपो तसाच पातळ, पाण्यासारखा. "मॅडम, गोठणांक ४८ म्हणालात ना?" हो म्हणाले, आणि कापूस बाजूला करून हायपोचा साखरेच्या कणाएवढा एक खडा आत टाकला.

खडा पडला तिथून सुया फुटल्या आणि बघता बघता नळीभर पसरल्या. पडद्यावरची रेघ उभी चढली आणि ४७ च्या वर जाऊन आडवी झाली. नळी हातोहात फिरली. गोठताना गरम झालेली वस्तू त्या चाळीस मुलांनी हातात धरली.

द्रव गोठणांकाच्या खाली जाऊनही कधीकधी गोठत नाही. रेणूंना रचनेत बसायला सुरुवात कुठून करायची हेच मिळत नाही. सुरुवात मिळाली, की गोठताना बाहेर पडणारी उष्णता त्याला परत गोठणांकापर्यंत वर आणते. याला अतिशीतन म्हणतात. पुढच्या रविवारी प्रयोगशाळेच्या सगळ्या खिडक्या उघड्या टाकून मी एकटीनंच डांबरगोळ्या वितळवल्या. रेघ ८० च्या खाली गेली, ७९.३ पर्यंत, क्षणभर थबकली आणि ८०.१ वर जाऊन आडवी झाली. तो खळगा जेमतेम पाऊण अंशाचा. मी त्याच्याकडे किती वेळ बघत बसले ते सांगता येणार नाही. आमच्या सरांना हे दाखवता आलं असतं तर त्यांनाही आनंदच झाला असता, याची मला खात्री आहे. ते वाईट शिक्षक नव्हते. त्यांच्याही हाती दोनच थर्मामीटर होते आणि समोर सत्तर मुलं.

सोमवारी मुलांना १९८७ ची गोष्ट सांगितली. एका मुलीनं विचारलं, "मग तुम्ही ती वही जपून ठेवलीय का?" ठेवलेली नाही.

माठाचा प्रयोग एप्रिलमधला. शाळा सकाळची, दुपारी सगळं ओस. व्हरांड्यात माठ, स्टीलची कळशी आणि प्लास्टिकचा कॅन शेजारी शेजारी, प्रत्येकात एक सेन्सर. पाच मिनिटांना एक म्हणजे दिवसाला २८८ नोंदी. बाहेर चाळीस अंश असताना कळशी आणि कॅन मागं मागं का होईना हवेच्या वाटेनं चढत गेले, माठ पंचविसाच्या आसपास राहिला. हे सगळ्यांना अपेक्षितच होतं. अपेक्षित नव्हती ती पहाटेची पायरी. रोज पाचच्या सुमारास माठाची रेघ एकदम दोन-तीन अंश वर जायची आणि मग हळूहळू खाली यायची. मुलांनी खूप डोकं चालवलं, पहाटेचं दव, वारा, सगळं झालं. दोन दिवसांनी शाळेच्या मावशी झाडू घेऊन शेजारी उभ्या राहिल्या. "काय बघायलाव रे एवढं? पहाटं मीच भरते की पाणी." गच्चीवरच्या टाकीतलं पाणी रात्रभरही निवत नाही, ते माठात पडलं की रेघ उडी मारते. मावशींनीच पुढं सांगितलं, की हा माठ जुना झालाय, याची छिद्रं क्षारांनी बुजलीत, नवा आणा मग बघा. नवा आणला. तो जुन्यापेक्षा तीन अंशांनी गार राहिला. त्या प्रयोगाच्या वहीत 'मार्गदर्शन' म्हणून मुलांनी मावशींचं नाव लिहिलं.

यंत्रच सगळं लिहीत असेल तर मुलं काय शिकणार, असं मला सहकारी विचारतात. ही शंका खोटी नाही. आमच्याकडे कुठलंही मूल आधी दहा नोंदी थर्मामीटरनं, हातानं घेतं आणि पहिला आलेख आलेख-कागदावर स्वतः काढतं. पाऱ्याशी डोळा समपातळीत आणणं, दोन नोंदींच्या मधली वाट बघणं, हे अंगात उतरलं नाही तर लॉगरचे २८८ आकडे नुसता कचरा. पण एका बाबतीत सेन्सरला तोड नाही. आपण करतोय ते आणि पडद्यावर दिसतंय ते, दोन्ही एकाच क्षणी घडतं. योगायोग असा, की मी ७९ खोडलं त्याच १९८७ साली अमेरिकेत हेदर ब्रॅसेल यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मुलं सेन्सरसमोर चालत आणि त्यांच्या चालण्याचा आलेख तत्क्षणी पडद्यावर उमटे. दुसऱ्या गटाला तोच आलेख थोड्या सेकंदांच्या उशिरानं दाखवला. एवढ्याशा उशिरानं शिकण्यातला बराचसा फायदा नाहीसा झाला.

आम्हीही व्हरांड्यात अंतर मोजणारा सेन्सर मांडून चाललो. तो माणसाला न ऐकू येणारा आवाज सोडतो आणि तो आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर सांगतो. सातवीतल्या मुलांना अंतर-काळाचा आलेख म्हणजे डोंगराचं चित्र वाटतं, चढ दिसला की कुणीतरी टेकडी चढतंय. स्वतः चालून बघितलं आणि उभं राहिल्यावर रेघ आडवी पडली, की हे चित्र आपोआप मोडतं. मला पाटीवर सांगून ते कधी मोडता आलं नव्हतं. याच सेन्सरनं एप्रिलमध्ये फरशीवरचे २०० सेंटिमीटर १९३ दाखवले. डिसेंबरात तोच बरोबर होता. चाळीस अंशांच्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३५५ मीटर धावतो, आमच्या प्रोग्रॅममध्ये वीस अंशांचा ३४३ भरलेला. नोंदीभोवती गोल होता, दोन दिवसांनी त्याच्या शेजारी हे कारण आलं.

पण आजवर आम्हाला सगळ्यात जास्त दिलं ते वायुभाराच्या सेन्सरनं. नखाएवढी चिप, हवेचा दाब मोजते. पहिल्याच दिवशी नववीची मुलं तक्रार घेऊन आली, सेन्सर खराब निघाला. पुस्तकात हवेचा दाब १०१३ हेक्टोपास्कल, हा ९३० दाखवतोय. पुस्तकातला आकडा समुद्रसपाटीचा, आपण बालाघाटावर, डोक्यावरची हवा तेवढी कमी. समजावून सांगितलं, पण पटलं ते सांगून नाही. एक मुलगी लॉगर हातात धरून जिन्यानं गच्चीवर गेली आणि खाली आली. रेघ जाताना किंचित खाली आणि येताना किंचित वर. आपल्या इथं एक हेक्टोपास्कल म्हणजे नऊएक मीटर उंची, आणि ही चिप मीटरभराचा फरक ओळखते. त्या आठवड्यात आमच्या जिन्याची उंची जितक्या वेळा मोजली गेली तितकी बांधतानाही मोजली गेली नसेल.

मग फेब्रुवारीत लॉगर दहा दिवस कपाटावरच राहिला. कार्ड काढून आलेख काढला, तर लाटा. रोज दोन. सकाळी दहाच्या सुमारास दाब सगळ्यात जास्त, दुपारी चारला सगळ्यात कमी, रात्री दहाला परत वर, पहाटे चारला परत खाली. सकाळी दहा ते दुपारी चार यांत तीन-साडेतीन हेक्टोपास्कलचा उतार, रात्रीची लाट त्याहून लहान. दहाही दिवस तेच. जणू आमची शाळा रोज पंचवीस-तीस मीटर वर उचलली जात होती आणि परत खाली ठेवली जात होती.

मला याचं कारण ठाऊक नव्हतं. पुस्तकात नाही, मी कधी शिकले नव्हते, शिकवलं नव्हतं. मुलांना तसं सांगितलं.

पहिला संशय सेन्सरवर. दुपारी तापतो म्हणून चुकत असेल. एका सहकाऱ्याच्या मोबाइलमध्ये दाबाचा सेन्सर होता. त्यावर मोबाइलमधल्या सेन्सरचे आकडे दाखवणारं फायफॉक्स घेतलं. हे अ‍ॅप जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठानं २०१६ साली काढलेलं आहे आणि फुकट मिळतं. मोबाइल थर्मोकोलच्या पेटीत बंद करून ठेवला. दोघांचे आकडे किंचित वेगळे, पण लाट तीच. मग एक मुलगा उठला. एरवी तो वर्गात फारसा बोलत नाही. म्हणाला, "मॅडम, ऊन तर दिवसातून एकदाच येतं. मग लाट दोनदा कशी?"

गेल्या तीस वर्षांत माझ्या वर्गात विचारला गेलेला हा सगळ्यात चांगला प्रश्न. या प्रश्नानं युरोपातल्या थोर थोर माणसांना शंभरावर वर्षं दमवलं होतं, हे मला नंतर वाचून कळलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण अमेरिकेच्या प्रवासाला निघालेल्या जर्मन शास्त्रज्ञ हुम्बोल्ट यांनी नोंदवलंय, की उष्ण कटिबंधात ही चढउतार इतकी नियमित असते की वायुभारमापक बघून वेळ सांगता यावी. कारण मात्र सापडत नव्हतं. चंद्राच्या ओढीनं समुद्राला भरती येते तशी ही असावी, तर हिची वेळ चंद्राबरोबर सरकायला हवी होती, आणि ती सूर्याला धरून राहते. समाधानकारक उत्तर मिळायला १९६० चं दशक उजाडलं. वरच्या थरातला ओझोन आणि खालच्या हवेतली वाफ सूर्याची उष्णता शोषतात, त्या तापण्यानं सगळं वातावरणच हेलकावतं, आणि त्यातला बारा तासांचा हेलकावा जमिनीपर्यंत सगळ्यात जोरात पोचतो. चोवीस तासांचा बराचसा वरच अडकून पडतो. आमच्या कपाटावरची नखाएवढी चिप तीस-चाळीस किलोमीटर उंचीवरच्या ओझोनचं तापणं लिहून काढत होती.

हे शोधताना केरूनाना छत्रे भेटले. म्हणजे नाव ओळखीचं होतंच, लोकमान्यांचे गणिताचे गुरू म्हणून. अलिबागजवळचं नागाव हे त्यांचं गाव, जन्म १८२५ चा. १८४० साली ते मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत सहायक म्हणून लागले. वय पंधरा. दहावीतल्या पोराचं वय. हवेचा दाब, तापमान, पृथ्वीचं चुंबकत्व, सगळं डोळ्यांनी वाचायचं आणि हातानं लिहायचं ते दिवस. कंदिलाच्या उजेडात पाऱ्यावर डोळा लावलेला तो मुलगा माझ्या नजरेसमोरून हलेना. दिवसातून दोनदा वर-खाली होणारी ती लाट त्याच्या हातूनही कागदावर उतरली असणार. मी हे वर्गात सांगितलं तेव्हा मुलं गप्प होती. मग कुणीतरी विचारलं, "रात्री झोप आली तर ते काय लिहीत असतील?"

त्याच वेधशाळेची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं. त्या विजेनं चुंबकत्वाच्या नोंदी बिघडणार, म्हणून ते काम अलिबागला हलवलं. पण हलवण्याआधी १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आकड्यांना नवे आकडे नीट जोडता यावेत. आम्ही तीन सेन्सर एका बर्फाच्या ग्लासात बुडवले, ते याच जातीचं काम. हे कळल्यावर मुलांना त्या चिकटपट्ट्यांचा केवढा अभिमान वाटला!

यंदा लॉगर पावसाळ्यातही चालू ठेवला. दाबाची रोजची लाट ढगाळ दिवसांतही दिसते का, हा प्रश्न दहावीतल्या एका मुलीचा, प्रयोगही तिचाच. दिसते, थोडी दबून. पूर्ण तीन आठवड्यांचा आलेख तिनं हातानं काढून आणला, चार आलेख-कागद एकमेकांना डिंकानं चिकटवून. त्यात दुसऱ्या आठवड्यात एका रात्री साडेअकरा ते पहाटे सव्वापाच काहीच नाही. वादळात गावाची लाइट गेली होती, चार्जरवरचा लॉगर बंद पडला होता.

लाट कशी जाते ते तिला आता पाठ आहे. पहाटे चारला खाली, मग वर. डोळे मिटूनही तिला ती रेघ जोडता आली असती, आणि बघणाऱ्याला कळलंही नसतं. तिनं साडेअकराला पेन उचललंय आणि सव्वापाचला परत टेकवलंय. मधल्या पांढऱ्या पट्टीत बारीक अक्षरात लिहिलंय, 'लाइट नव्हती.' आणि सव्वापाचची पहिली नोंद, तापमान ८५, तिच्यावर एक आडवी रेघ.

मी त्या पांढऱ्या पट्टीच्या खाली सही केली आणि तारीख घातली.